तिच्या वाट्याचा अर्धा तास

पन्नाशीच्या उंबरठ्यावरील गृहिणीचा रक्ततपासणीचा अहवाल घरी येतो आणि कोलेस्टेरॉलच्या आकड्यापुढे धोक्याची खूण दिसते. घरातील पहिली प्रतिक्रिया आश्चर्याची असते. पतीला हा त्रास असणे घराने गृहीत धरलेले असते. त्याची गोळी, त्याचे पथ्य, त्याचे सकाळचे फिरणे यांची काळजी तीच वर्षानुवर्षे वाहत आलेली असते. तिला स्वतःला असे काही होईल, हे मात्र कोणाच्या मनातही आलेले नसते. ‘‘पहाटेपासून रात्रीपर्यंत ही पायांवर उभी. हिला वेगळा व्यायाम कशाला हवा?’’ असे कोणीतरी कौतुकाने म्हणते, तीही हसून दुजोरा देते आणि अहवाल फायलीत जाऊन पडतो.

या उद्गारात कौतुक आहे, तशीच एक चूकही आहे आणि ती प्रसंगी प्राणावर बेतणारी आहे. हृदय आणि रक्तवाहिन्यांचे विकार हे आज आपल्या देशातील मृत्यूचे सर्वांत मोठे कारण आहे. स्त्रिया त्याला अपवाद नाहीत. तरीही हृदयविकार म्हणजे धावपळीचा व्यवसाय करणाऱ्या, धूम्रपान करणाऱ्या पुरुषाचा रोग, ही समजूत समाजमनात घट्ट रुजलेली आहे. स्त्रीच्या बाबतीत अनेकदा छातीत तीव्र कळ येतच नाही. थकवा, धाप, मळमळ, जबड्यात किंवा पाठीत दुखणे एवढीच लक्षणे दिसतात. ‘पित्त झाले असेल’ असे म्हणून ती ओट्यापुढे उभीच राहते. जेव्हा उपचार सुरू होतात, तेव्हा मोलाचा वेळ निघून गेलेला असतो. म्हणूनच स्त्रियांचे कोलेस्टेरॉल आणि त्यांचा व्यायाम हा विषय आरोग्याच्या सदरापुरता ठेवून चालणार नाही. तो कुटुंबाच्या कर्तव्याचा विषय आहे.

निसर्गाचे कवच आणि त्याची मुदत

कोलेस्टेरॉल हे मुळात विष नव्हे. शरीरातील प्रत्येक पेशीचे आवरण, अनेक संप्रेरके, ड जीवनसत्त्व आणि पित्तरस यांच्या घडणीसाठी ते लागतेच. त्यातील बराचसा भाग यकृत स्वतःच तयार करते. हा मेदपदार्थ रक्तात विरघळत नसल्याने त्याची ने-आण करण्यासाठी शरीराने वाहक कण निर्माण केले आहेत. त्यांपैकी ‘एलडीएल’ हे कण कोलेस्टेरॉल शरीरभर पोहोचवितात. त्यांची संख्या वाढली की ते रोहिण्यांच्या भिंतींत साचू लागतात. ‘एचडीएल’ हे कण उलट दिशेने काम करतात, म्हणजे साचलेले कोलेस्टेरॉल उचलून यकृताकडे परत नेतात. पहिल्याला ‘वाईट’ आणि दुसऱ्याला ‘चांगले’ म्हणण्याचा प्रघात त्यामुळेच पडला. ट्रायग्लिसराइड ही तिसरी मेदद्रव्ये ऊर्जेच्या साठ्याची असून, खाल्लेले खर्ची पडले नाही की त्यांचे प्रमाण वाढते.

या व्यवस्थेत निसर्गाने स्त्रीला एक कवच दिले आहे. इस्ट्रोजेन या स्त्रीसंप्रेरकामुळे यकृत रक्तातील एलडीएल अधिक प्रमाणात ओढून घेते आणि एचडीएलची पातळी वर राहते. तरुण वयात स्त्रीचे एचडीएल पुरुषापेक्षा साधारणतः दहा मिलिग्रॅमने अधिक असते. पुरुषाच्या एचडीएलची किमान मर्यादा ४० आणि स्त्रीची ५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर मानली जाते, त्यामागे हेच कारण आहे.

परंतु या कवचाला मुदत असते. अमेरिकेत मध्यम वयातील स्त्रियांचा वर्षानुवर्षे मागोवा घेणाऱ्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. पाळी कायमची थांबते त्याच्या आगेमागेच्या एका वर्षात एकूण कोलेस्टेरॉल आणि एलडीएल यांची ठळक वाढ होते, असे त्यात आढळले. ही वाढ केवळ वयाची नव्हती. ती रजोनिवृत्तीशी जोडलेली होती. भारतीय स्त्रीची पाळी सर्वसाधारणपणे चाळिशीच्या उत्तरार्धात थांबते. याच काळात मुलांची महाविद्यालये, त्यांची लग्ने, सासू-सासऱ्यांची आजारपणे यांचा भार तिच्यावर सर्वाधिक असतो. शरीराचे संरक्षण ज्या वेळी ढळते, त्याच वेळी स्वतःकडे पाहण्यास तिला सर्वांत कमी फुरसत असते.

भारतीयांचे दुखणे

पाश्चात्त्य देशांत कोलेस्टेरॉलची चर्चा प्रामुख्याने वाढलेल्या एलडीएलभोवती फिरते. भारतीयांचे दुखणे काहीसे निराळे आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या राष्ट्रीय पाहणीचा मेदद्रव्यांविषयीचा भाग २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात तामिळनाडू, झारखंड आणि चंदीगडसोबत महाराष्ट्राचाही समावेश होता. एकूण कोलेस्टेरॉल वाढलेले लोक १३.९ टक्के होते, ट्रायग्लिसराइड वाढलेले २९.५ टक्के, परंतु एचडीएल कमी असलेल्यांचे प्रमाण तब्बल ७२.३ टक्के होते. चारही प्रदेशांत सर्वाधिक आढळलेला दोष हाच होता. म्हणजे ज्या घरात तूप-लोण्याची उधळण नाही आणि मांसाहार वर्ज्य आहे, तेथेही निश्चिंत राहण्याचे कारण नाही. एकूण कोलेस्टेरॉलचा आकडा मर्यादेत असूनही अहवाल सदोष असू शकतो. म्हणून अहवालातील सर्व आकडे वैद्याकडून समजून घेतले पाहिजेत.

याच पाहणीतील शारीरिक हालचालींविषयीचा भागही त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. निम्म्याहून अधिक, म्हणजे ५४.४ टक्के लोक पुरेशी हालचाल न करणारे निघाले. खेळ वा व्यायाम म्हणून काही करणारे दहा टक्केही नव्हते आणि स्त्रिया पुरुषांपेक्षा मागे होत्या. पुढे २०२४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी २०२२ सालासाठीचा अंदाज मांडला. त्यानुसार पुरेशी शारीरिक हालचाल न करणाऱ्या भारतीय पुरुषांचे प्रमाण सुमारे ४२ टक्के, तर स्त्रियांचे सुमारे ५७ टक्के होते.

राबणे आणि व्यायाम

येथे एक प्रश्न साहजिकच उभा राहतो. केंद्र शासनाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणारी भारतीय स्त्री दिवसाला २९९ मिनिटे, म्हणजे जवळजवळ पाच तास, बिनमोल घरकामात घालविते. घरकाम करणारा पुरुष ९७ मिनिटे. मग पाच तास राबणाऱ्या स्त्रीला ‘हालचाल न करणारी’ कसे म्हणावे? हा तिच्या कष्टांचा अपमान नव्हे काय?

उत्तर कष्टांच्या स्वरूपात आहे. ओट्यापुढे उभे राहणे, पोळ्या लाटणे, भाजी निवडणे, कपड्यांच्या घड्या घालणे, डबे भरणे या कामांनी कंबर धरते, पाय सुजतात, मन थकते. पण हृदयाचे ठोके फारसे वाढत नाहीत आणि श्वास खोल होत नाही. मांड्यांचे आणि पाठीचे मोठे स्नायू सलग काम करीत नाहीत. थकवा येणे म्हणजे व्यायाम होणे नव्हे. जात्यावर दळणाऱ्या, उखळात कांडणाऱ्या, विहिरीचे पाणी शेंदून डोक्यावर आणणाऱ्या आजी-पणजीच्या बाबतीत घरकाम हाच व्यायाम होता, हे खरे. ते दिवस परत यावेत असे कोणी म्हणणार नाही. त्या कष्टांनी अनेक स्त्रिया अकाली म्हाताऱ्या झाल्या. परंतु गिरणी, नळ, मिक्सर आणि कपडे धुण्याचे यंत्र घरात आले, तेव्हा शरीराची ती हालचालही घराबाहेर गेली आणि तिची भरपाई कोणी केली नाही. काम हलके झाले, जबाबदारी मात्र तेवढीच राहिली. नोकरी करणाऱ्या स्त्रीची स्थिती तर याहून कठीण आहे. दिवसाचे आठ तास खुर्चीवर, दोन तास प्रवासात आणि उरलेला वेळ स्वयंपाकघरात, अशी तिची विभागणी असते.

कोणतीही हालचाल वाया जात नाही, हे नव्या वैद्यकाचेही मत आहे. जिना चढणे, फरशी जोर लावून पुसणे, भाजी आणण्यास पायी जाणे यांचा उपयोग निश्चित होतो. पण तेवढ्यावर विसंबून राहता येत नाही.

अभ्यास काय सांगतात?

व्यायामाने स्त्रियांच्या कोलेस्टेरॉलवर नेमका काय परिणाम होतो, याविषयी अतिशयोक्तीही पुष्कळ होते. कोणी महिनाभरात औषधे सुटल्याचे सांगतो, तर कोणी व्यायामाचा काही उपयोग नाही म्हणून मोकळा होतो. वस्तुस्थिती या दोहोंच्या मध्ये आहे आणि ती आशादायक आहे.

अमेरिकेतील डॅलस येथील संशोधकांनी १९९१ साली एक उद्बोधक अभ्यास प्रसिद्ध केला. बैठे जीवन जगणाऱ्या, रजोनिवृत्तीपूर्व वयातील १०२ स्त्रिया त्यात सहभागी झाल्या. २४ आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, दररोज ४.८ किलोमीटर चालावयाचे, एवढाच कार्यक्रम होता. एका गटाने ताशी ८ किलोमीटर, दुसऱ्याने ६.४ आणि तिसऱ्याने केवळ ४.८ किलोमीटर वेगाने, म्हणजे रमतगमत, चालावयाचे होते. चौथा गट पूर्वीप्रमाणेच बैठा राहिला. ५९ स्त्रियांनी कार्यक्रम पूर्ण केला. हृदय-फुप्फुसांची क्षमता वेगाच्या प्रमाणात वाढली, हे अपेक्षितच होते. एचडीएल मात्र चालणाऱ्या तिन्ही गटांत जवळजवळ सारखेच वाढले. रमतगमत चालणारीलाही त्याचा लाभ मिळाला. ज्या स्त्रीला धावणे जमणार नाही, गुडघे साथ देत नाहीत, व्यायामशाळेत जाण्याचा संकोच वाटतो, तिच्यासाठी यापेक्षा दिलासा देणारी वार्ता कोणती?

दुसरा महत्त्वाचा अभ्यास १९९८ सालचा, स्टॅनफर्ड विद्यापीठातील. त्यात रजोनिवृत्त झालेल्या १८० स्त्रिया आणि १९७ पुरुष होते. सर्वांचे एलडीएल वाढलेले आणि एचडीएल कमी होते. वर्षभर काहींनी केवळ कमी स्निग्धांशाचा आहार घेतला, काहींनी केवळ व्यायाम केला, काहींनी दोन्ही केले, तर काहींनी काहीच बदल केला नाही. केवळ आहार बदलणाऱ्यांचे आणि केवळ व्यायाम करणाऱ्यांचे एलडीएल लक्षणीय उतरले नाही. ज्यांनी दोन्ही केले, त्या स्त्रियांचे एलडीएल सरासरी १४.५ मिलिग्रॅमने घटले. काहीच न करणाऱ्यांचे केवळ २.५ मिलिग्रॅमने. एचडीएल मात्र या अभ्यासात वाढले नाही. पथ्याची जेवणे शिजवून स्वतः दिवसभर घरात कोंडून राहणाऱ्या स्त्रीने आणि सकाळी फिरून परतताना वडा-पाव घेणाऱ्या तिच्या यजमानांनी, दोघांनीही या अभ्यासापासून धडा घ्यावा.

स्त्रियांवर झालेल्या अनेक लहानमोठ्या चाचण्या एकत्र करून २००४ साली काढलेला हिशेब असा आहे : चालणे, धावणे, सायकल अशा व्यायामाने एकूण कोलेस्टेरॉल सुमारे २ टक्के घटते, एलडीएल सुमारे ३ टक्के घटते, ट्रायग्लिसराइड सुमारे ५ टक्के घटतात आणि एचडीएल सुमारे ३ टक्के वाढते. स्त्री-पुरुषांवरील २५ चाचण्यांचा २००७ सालचा हिशेबही याच्याशी जुळतो : एचडीएलची सरासरी वाढ सुमारे अडीच मिलिग्रॅम. मात्र त्यासाठी आठवड्याला निदान १२० मिनिटे व्यायाम आवश्यक ठरला आणि व्यायामाच्या तीव्रतेपेक्षा एका वेळचा अवधी अधिक महत्त्वाचा निघाला. पाच-पाच मिनिटांच्या तुकड्यांपेक्षा अखंड अर्धा तास का हवा, याचे हे एक कारण.

हे आकडे पाहून कोणाची निराशा होईल. दोन-तीन टक्क्यांसाठी एवढा खटाटोप कशाला? पण व्यायामाचा लाभ अहवालातील एका आकड्यात मावणारा नाही. एचडीएल वाढविणारी औषधे गेल्या दोन दशकांत देऊन पाहण्यात आली. आकडा वाढला, हृदयविकार मात्र अपेक्षेप्रमाणे घटला नाही. नुसता आकडा वाढविणे आणि शरीर सुधारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून कळले. काम करणारा स्नायू रक्तातील ट्रायग्लिसराइड फोडून इंधन म्हणून वापरतो, साखर अधिक सहज शोषून घेतो. रक्तदाब उतरतो, पोटाभोवतीची चरबी हळूहळू ओसरते, हाडे बळकट राहतात, झोप लागते, चिडचीड कमी होते. रजोनिवृत्तीच्या वळणावरील स्त्रीला नेमके हेच सारे हवे असते. एवढे सारे लाभ एका गोळीत देणारे औषध आजवर निघालेले नाही.

औषधांविषयी एक स्पष्ट सूचना येथे आवश्यक आहे. ज्यांना वैद्याने कोलेस्टेरॉलची गोळी दिली आहे, त्यांनी व्यायाम सुरू केला म्हणून ती स्वतःच्या मनाने थांबवू नये. काहींच्या रक्तात आनुवंशिक कारणाने एलडीएल फार वाढलेले असते. तेथे केवळ चालणे पुरे पडत नाही. थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावले तरी कोलेस्टेरॉल वाढते आणि हा विकार स्त्रियांत अधिक आढळतो. त्याची तपासणी करून घ्यावी. गर्भारपणी कोलेस्टेरॉल स्वाभाविकपणेच वाढते. त्याची भीती बाळगू नये. मात्र गोळी चालू असलेल्या स्त्रीने मूल हवे असल्यास आधीच वैद्यांना विचारावे.

परंपरेत काय आहे?

पाश्चात्त्य संशोधनाचे निष्कर्ष नाकारण्याचे कारण नाही. ज्ञानाला दिशेचे बंधन नसते. परंतु हा विचार आपल्याकडे नव्हता, असे मानण्याचेही कारण नाही. चरकसंहितेने अतिस्थौल्याची जी कारणे सांगितली, त्यांत गोड-स्निग्ध आहार आणि दिवसा झोपणे यांच्याबरोबर व्यायाम न करणे स्पष्टपणे नोंदविले आहे. आयुर्वेदातील मेद आणि आधुनिक वैद्यकातील कोलेस्टेरॉल एकच आहेत असे म्हणणे योग्य होणार नाही. पण न खर्चलेला आहार शरीरात साचून रोग उत्पन्न करतो, हे निरीक्षण दोन्हीकडे समान आहे. सुश्रुतसंहितेने व्यायाम आपल्या अर्ध्या शक्तीनेच करावा असे सांगितले आणि श्वास तोंडावाटे येऊ लागला की अर्धी शक्ती खर्ची पडली असे समजावे, अशी खूणही दिली. आजचे तज्ज्ञ ‘चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये’ अशी जी कसोटी सांगतात, ती याहून फार वेगळी नाही.

महाराष्ट्राने तर व्यायामाची चळवळ चालविलेली आहे. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतला, स्वतः ते नित्य घातले आणि स्त्रियांनाही हा व्यायाम सांगितला. सूर्यनमस्काराला ना यंत्र लागते, ना मैदान. एक सतरंजी आणि पूर्वेची खिडकी पुरते. सलग आणि योग्य गतीने घातलेले सूर्यनमस्कार हृदयाचे ठोके चांगलेच वाढवितात, असे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासातही दिसले. संथ आसनांचे लाभ वेगळे. कोलेस्टेरॉलसाठी त्यांच्या जोडीला चालणे किंवा सूर्यनमस्कार हवेत.

श्रावणातील मंगळागौरीकडे या दृष्टीने पाहावे. झिम्मा, फुगडी, पिंगा, बसफुगडी हे खेळ रात्र रात्र खेळणाऱ्या सुवासिनींना कोणी व्यायामाचे महत्त्व समजावून सांगितले नव्हते. व्रताच्या निमित्ताने शरीर घामाघूम होत होते आणि मनही मोकळे होत होते. आज मंगळागौर सभागृहात आली, खेळ करणारे संघ व्यासपीठावर गेले आणि घरच्या स्त्रिया खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवू लागल्या. परंपरा जिवंत आहे, पण तिच्यातील व्यायाम मात्र भाड्याने घेतलेला आहे.

वंदनीय मावशी केळकर यांनी १९३६ च्या विजयादशमीला वर्ध्याला राष्ट्र सेविका समितीची स्थापना केली, तेव्हा स्त्रियांच्या शारीरिक शिक्षणाला त्यांनी कार्याच्या गाभ्यात स्थान दिले. अबला ही बिरुदावली त्यांना मान्य नव्हती. स्त्री सबल असेल तरच कुटुंब आणि राष्ट्र सबल होईल, ही त्यांची धारणा होती. त्या काळी स्त्रीने मैदानात उतरणे म्हणजे टीकेला निमंत्रण होते. आज टीका करणारे उरलेले नाहीत. तरीही घरोघरीची स्त्री मैदानापासून दूरच आहे. अडथळा आता समाजात राहिलेला नाही, तो घराच्या दिनक्रमात आहे.

स्वयंसेवकाच्या घरचा प्रश्न

हा मुद्दा काहीसा अप्रिय वाटेल, पण तो टाळता येणार नाही. जो स्वयंसेवक वर्षानुवर्षे शाखेत जातो, त्याच्या दिनक्रमात सूर्यनमस्कार, खेळ, व्यायाम यांसाठी एक तास राखून ठेवलेला असतो. तो तास पवित्र मानला जातो. पाऊस असो, पाहुणे असोत, तो चुकत नाही. पण तो तास निर्वेध मिळावा यासाठी घरात कोणीतरी पाचला उठलेले असते. दूध, चहा, मुलांचे डबे, वृद्धांचे औषध हे सारे कोणीतरी सांभाळलेले असते. त्या कोणाला तरी स्वतःचा तास कधी मिळतो? कार्यकर्ता समाजाच्या बलोपासनेविषयी बौद्धिकात बोलतो, तेव्हा त्याच्या घरातील एचडीएल ४० च्या खाली गेलेले असते आणि त्याला ते ठाऊकही नसते.

येथे दोष कोणा एकाचा नाही. स्त्रीही स्वतःला शेवटच्या पंगतीला बसविते आणि त्यात धन्यता मानते. सर्वांना वाढून झाल्यावर उरलेले खाणे, नासू नये म्हणून कालचा भात स्वतः संपविणे, स्वतःसाठी वेळ मागणे म्हणजे स्वार्थ समजणे, या सवयींना त्यागाचे नाव मिळाले आहे. त्याग हे हिंदू कुटुंबाचे भूषण आहे, यात शंका नाही. पण ज्या त्यागातून घराचा आधारस्तंभच पोखरला जातो, त्याला विवेकाची जोड हवी. साठाव्या वर्षी अंथरुणाला खिळलेली आई कोणत्याच घराला परवडत नाही.

बाजारानेही या प्रश्नाचा वेध घेतला आहेच. महागड्या व्यायामशाळा, वजन उतरविण्याची चूर्णे, ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ असा मजकूर छापलेली तेले यांचा सुळसुळाट आहे. वनस्पतिजन्य तेलात कोलेस्टेरॉल नसतेच, तेव्हा अशी जाहिरात म्हणजे पाण्याला ‘साखरमुक्त’ म्हणण्यासारखी आहे. स्त्रीच्या देहाला सौंदर्याच्या मापाने मोजणारी ही दृष्टी तिच्या आरोग्याचा विचार करीत नाही. सडपातळ स्त्रीचे कोलेस्टेरॉलही बिघडलेले असू शकते. आणि वजनाचा काटा हलला नाही तरी चालण्याचा लाभ होतो, हे बाजार सांगणार नाही.

करावयाचे काय?

उपाय साधा आहे, खर्चाचा नाही; तो निश्चयाचा मात्र आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम आणि निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सुचविला. आठवड्यातील पाच दिवस रोज अर्धा तास भराभर चालणे एवढ्याने त्यातील पहिला भाग पूर्ण होतो. दुसऱ्यासाठी सूर्यनमस्कार, उठाबशा, भिंतीला टेकून काढलेले जोर पुरेसे आहेत. आरंभ दहा मिनिटांनी करावा आणि दर आठवड्याला थोडी वाढ करावी. छातीत दुखणे, चक्कर, असाधारण धाप यांपैकी काही जाणवल्यास थांबून वैद्यांकडे जावे. ज्यांना आधीच मधुमेह, रक्तदाब वा हृदयविकार आहे, त्यांनी प्रारंभीच सल्ला घ्यावा. फळाची अपेक्षा तीन ते सहा महिन्यांनी करावी. आठवड्याभराने पुन्हा रक्त तपासण्यात अर्थ नाही. व्यायाम सुटला की लाभही ओसरतो, म्हणून तो नित्याचा हवा.

कुटुंबाने करावयाच्या गोष्टी यापेक्षा महत्त्वाच्या आहेत. तिचा अर्धा तास कोणता, हे घराने एकत्र बसून ठरवावे आणि तो भिंतीवरील दिनदर्शिकेत लिहावा. त्या वेळात दारावरची घंटा, दूधवाला, कुकरची शिटी या गोष्टी दुसऱ्या कोणीतरी पाहाव्यात. मुलांनी आपले डबे आपण भरावेत. कुटुंबासाठी काम करणे हा मुलांवरील संस्कारच आहे. पतीने आठवड्यातील दोन दिवस तिच्याबरोबर चालण्यास जावे. पती-पत्नीच्या संवादाला यापेक्षा चांगली जागा नाही. पुरुष मंडळींची नियमित तपासणी होते, तेव्हा तिचीही त्याच दिवशी व्हावी. वस्तीतील चार-पाच जणींनी एकत्र निघावे. एकटीला आळस गाठतो, पाचजणींना तो गाठू शकत नाही. मंदिराचे प्रांगण, शाळेचे मैदान सकाळी अर्धा तास भगिनींसाठी मोकळे ठेवण्याचे काम स्थानिक कार्यकर्त्यांना सहज करता येईल. रथसप्तमीला सामूहिक सूर्यनमस्कार होतात आणि २१ जूनला योगदिनाचे कार्यक्रम होतात. त्या दिवशी आलेल्या भगिनी दुसऱ्या दिवशीही येतील, अशी व्यवस्था उभी राहिली तर त्या कार्यक्रमांचे सार्थक होईल.

संघकार्याची शंभर वर्षे २०२५ साली पूर्ण झाली आणि समाजपरिवर्तनाच्या पाच सूत्रांत कुटुंब प्रबोधनाला स्थान मिळाले. कुटुंबाने एकत्र भोजन करावे, एकत्र भजन करावे, असे आवाहन त्यात असते. त्या आवाहनात आणखी एका वाक्याची भर घालण्यास हरकत नसावी. ज्या घरात सर्वांच्या आरोग्याची चिंता एकच व्यक्ती वाहते, त्या घराने तिच्या आरोग्याची चिंता वाटून घ्यावी.

फायलीत पडलेला तो अहवाल आज संध्याकाळी बाहेर काढावा. आकडे सर्वांनी मिळून वाचावेत आणि तिची तपासणी कधी झालीच नसेल, तर तीही याच आठवड्यात करून घ्यावी. उद्या पहाटे ती पायांत बूट घालून दाराबाहेर पडेल, तेव्हा ‘‘चहाचे काय?’’ असा प्रश्न मागून येऊ नये. चहा कोणीतरी केलेला असावा आणि तिच्या वाटणीचा कप ती परत येईपर्यंत झाकून ठेवलेला असावा.